समुद्रगाय आणि माळढोक

श्रोतेहो, नमस्कार. भुकेल्या माणसाने शिकार करावी की नाही, हा आजचा प्रश्न नाही. १७४१ साली रशियासाठी सफर करणाऱ्या व्हायटस बेरिंग या दर्यावर्दीचे जहाज रशियाच्या पूर्व टोकाला, कामचाटकाजवळच्या निर्मनुष्य बेटावर अडकून फुटले. स्कर्व्हीने, म्हणजे ताज्या अन्नाअभावी होणाऱ्या आजाराने, खंगलेले खलाशी तिथल्या समुद्रगाईच्या मांसावर तगले. त्यांना दोष देण्याचा अधिकार पुण्यात दोन वेळा पोटभर जेवणाऱ्या मला नाही.

पण ते परतल्यावर त्या बेटांकडे समुद्री ऊदमांजराच्या कातड्यासाठी व्यापारी धावले, आणि उथळ पाण्यात शैवाल चरणारा तो सुमारे आठ मीटर लांबीचा संथ प्राणी त्यांच्या सफरींची शिदोरी झाला. भाला लागलेल्या कितीतरी गाई निसटून खोल पाण्यात मरत, म्हणजे खाल्ल्या गेल्या त्याहून जास्त वाया जात. १७६८ पर्यंत, अवघ्या २७ वर्षांत, ती जात संपली. बेरिंगच्या जहाजावरचा निसर्गअभ्यासक स्टेलर याने नोंदवले आहे की, मादी मारली गेल्यावर तिचा नर सलग दोन दिवस किनाऱ्याशी येत राहिला. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

‘गरज’ हा शब्द या काळात हळूच बदलला, हे मला सर्वांत गंभीर वाटते. आधी त्याचा अर्थ जीव वाचवणे असा होता, नंतर नफ्याचा प्रवास स्वस्तात करणे असा झाला, आणि तरी प्रत्येक शिकाऱ्याला आपण फक्त एकच जनावर मारत आहोत असेच वाटत राहिले असणार. जात कोणीच मारली नाही, आणि ती सर्वांनी मिळून संपवली.

आपल्याकडे तर भुकेची सबबही नव्हती. १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात एका रात्री तीन चित्ते गोळ्या घालून मारले गेले आणि १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले. माळढोकाची मादी तर उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. अशा पक्ष्याच्या बाबतीत एखाद्या मेजवानीपुरती शिकारही फार मोठी ठरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदूक थांबवली, पण तोवर थवे विरळ झाले होते, आणि पुढे माळही नांगराखाली गेले.

सोलापूरला गेलो की मी पुढे नान्नजच्या माळावर, माळढोकासाठी राखलेल्या अभयारण्यात, आवर्जून जातो. कुसळी गवत कमरेपर्यंत येते, काळविटे दिसतात, चंडोल ऐकू येतो. माळढोक मला तिथे अजून एकदाही दिसलेला नाही.