जांभळाने शिकवलेली जीभ

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी वाइनच्या चवीबद्दल बोलणार आहे. कुणी ती प्यावी असा आग्रह नाही. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी ती कधी चाखलेली नसेल, पुढेही चाखणार नाहीत, आणि त्यावाचून काही अडतही नाही. मला बोलायचंय ते चव शब्दांत सांगण्याबद्दल. वाइनवर लिहिणारे जाणकार एक सांगतात, पिणाऱ्याला दुसरंच काही जाणवतं, आणि ‘आपल्याला यातलं काय कळतंय’ असं म्हणून तो गप्प बसतो. कोकणातल्या माणसाने असं गप्प बसू नये, असं मला मनापासून वाटतं. का, ते सांगते.

गेल्या पौषातली गोष्ट. भाचा नाशिकहून वेंगुर्ल्याला आला, तो सुला या तिथल्याच वाइन कंपनीच्या तीन बाटल्या घेऊन. दोन पांढऱ्या, सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां, आणि एक लाल शिराझ. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, तीही याच दोन पांढऱ्या जातींची. द्राक्षं आपल्याकडे होत नाहीत. आपला पाऊस आणि दमट हवा त्या वेलीला सोसत नाही. घाटापलीकडे नाशिकला ऑक्टोबरात छाटणी होते, थंडीत कोरड्या हवेत घड भरतात आणि उन्हाळा तापायच्या आत खुडले जातात. म्हणजे बाटलीतलं फळ घाटावरचं. चाखणारी जीभ मात्र इथली होती.

संध्याकाळी खळ्यात बसलो. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलं होतं, कारण नाव वाचलं की मत आधीच तयार होतं. आत्ये असल्या गोष्टींना हात लावत नाही, पण वास घ्यायला तिची ना नव्हती. तिने पहिला पेला नाकाशी धरला आणि लगेच म्हणाली, “अगो, ह्येका पिकल्या पेरूचो वास येता!”

कागद काढला तर ती सोव्हिन्यों ब्लां. या वाइनबद्दल समीक्षकांचं लिखाण काढून पाहा. हिरवी ढोबळी मिरची, नुकतं कापलेलं गवत, आणि हटकून येणारा एक शब्द, गूजबेरी. आपण त्याचं भाषांतर ‘आवळा’ करून मोकळे होतो. पण युरोपातली गूजबेरी म्हणजे काटेरी झुडपाचं फळ, आणि आपला आवळा निराळ्याच कुळातला. ते वाचून कुणी पेल्यात आवळा शोधू लागला तर हाती काही लागणार नाही. आत्येला सापडला तो पेरू मात्र खरोखर तिथे होता. या द्राक्षाचा रस आंबताना गंधकाचा अंश असलेली काही सुवासिक द्रव्यं अगदी सूक्ष्म प्रमाणात मोकळी होतात, आणि त्यांतलीच काही पिकल्या पेरूतही असतात. तिने रसायनशास्त्र वाचलेलं नाही. तिने परसातला पेरू ओळखला.

समीक्षकांना मी कमी लेखत नाही. त्यांची भाषा मेहनतीने घडलेली आहे. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात अॅन नोबल या प्राध्यापिकेने १९८४ साली वासांचं एक चक्र तयार केलं. मध्ये फळ, फूल, मसाला असे मोठे गट आणि कडेकडेला त्यांतले नेमके वास. ‘भारदस्त’, ‘डौलदार’ असले हवेतले शब्द तिने त्यात ठेवले नाहीत. ज्याचा वास प्रत्यक्ष घेता येतो त्याचंच नाव ठेवलं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण ते चक्र तिथल्या परसातलं आहे. आपल्या चक्रात करवंद येईल, रातांबा येईल, काजूचं बोंडू येईल, बरका फणस, सुरंगीचा गजरा, सुकलेली बकुळ, पहिल्या पावसाची माती येईल. यातलं काही शिकावं लागत नाही. कोकणातलं पोर सात-आठ वर्षांचं होईपर्यंत हे सगळं नाकात भरून घेतं.

आणि एका शब्दात तर आपण पुष्कळ पुढे आहोत. तो शब्द तुरट. लाल वाइन पहिल्यांदा पिणाऱ्याची तक्रार ठरलेली असते, तोंड कोरडं पडतं, जीभ जाड होते. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासू लागते. इंग्रजीतून वाइन शिकणाऱ्यांना हे समजावताना कडक चहाचे दाखले द्यावे लागतात. आपल्याकडे सहा रसांत तुरट हा रस पहिल्यापासून आहे. ओंजळभर जांभळं खाऊन जांभळी झालेली जीभ दाखवत फिरलेल्या माणसाला टॅनिन म्हणजे काय हे वेगळं काय सांगायचं? त्या संध्याकाळी वहिनीने शिराझचा घोट घेतला आणि म्हणाली, “जांभूळ, पण पुरतं न पिकलेलं.” त्या शिराझबद्दल याहून नेमकं वाक्य मी वाचलेलं नाही.

त्याच पेल्यात भावोजींना मिरीचा वास आला. आमच्या पोफळींवर मिरवेली चढवलेल्या आहेत, त्यामुळे तो वास घरचाच. वहिनीला काही केल्या मिरी सापडेना, आणि दोघांचा वाद जुंपला. खरं तर दोघंही बरोबर होती. शिराझमधल्या मिरीच्या वासाचं द्रव्य ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली शोधून काढलं. त्याचं नाव रोटंडोन, आणि ते काळ्या मिरीतही असतं. त्याच चाचण्यांत असं दिसलं की साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास, भरपूर असला तरी, येतच नाही. तेव्हा समीक्षक मिरी म्हणतो आणि तुम्हाला ती येत नाही, याचा अर्थ तुमची चव कच्ची असा होत नाही.

नजर मात्र फसवते, भल्याभल्यांना. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. या प्रयोगावरचा निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला. आत्येने पेला नाकाशी धरला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते, ते मला नंतर आठवलं.

आता एक खंत. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानातून मी एक लाल वाइन घेतली होती. बाटली काचेच्या कपाटात, दुपारच्या उन्हात, कोण जाणे किती महिने उभी होती. चव लागली उकळून शिळ्या झालेल्या मुरांब्यासारखी. ती वाइनच वाईट, असं मी चारचौघांत सांगत सुटले. बनवणाऱ्यावर तो अन्याय झाला. उन्हाने वाइन मरते, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाटली बंद कपाटातही तापते. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य १६ ते १८ अंशांच्या खोल्यांचं आहे. आपल्या तेहेतीस अंशांत तीच वाइन उग्र लागते, नाकात मद्यार्कच शिरतो. पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, मग मत द्या.

जेवणात बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळं घातलेलं. शिराझने ते बिघडवलं, तोंडात लोखंडासारखी हिवस चव राहिली. याचंही कारण सापडलेलं आहे. जपानमधल्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की वाइनमध्ये लोह जास्त असलं की माशाबरोबर असा हिवसपणा येतो. शेनिन ब्लां थोडी गोडसर आणि थंडगार होती, ती त्या तिखटाशी जुळली. तरी भाचा म्हणाला, तिखल्याबरोबर सोलकढीच बरी, आणि त्यावर कुणी वाद घातला नाही.

ही सगळी मतं मी वहीत लिहून ठेवली आहेत, ज्याची त्याच्या शब्दांत. शिराझची आणखी एक बाटली आणून फ्रिजच्या तळाशी आडवी ठेवली आहे. ज्येष्ठात जांभळं पिकली की ती उघडायची आणि दोन्ही शेजारी ठेवून वास घ्यायचा. आत्येने आतापासूनच बजावलंय, जांभळं बाजारातली नकोत, वहाळाकडच्या झाडाची हवीत. ती लहान असतात, पण तुरटपणा त्यांनाच जास्त.

नमस्कार.