न पिणाऱ्यांच्या रकान्यात कोण बसलंय?

‘रोज थोडी घेतली तर हृदयाला बरी’ असं सांगणारा माणूस थोडी म्हणजे किती, हे क्वचितच सांगतो. म्हणून आधी हिशेब करू. पेयाचे मिलिलिटर, त्यातल्या अल्कोहोलचं प्रमाण आणि ०.७८९ ही अल्कोहोलची घनता यांचा गुणाकार केला की ग्रॅम मिळतात. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा लार्ज पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम. आठ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बिअर म्हणजे ४१ ग्रॅम! ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्याच्या पोटात दोन लार्ज पेग गेलेले असतात. ब्रिटनचं युनिट ८ ग्रॅमचं आणि अमेरिकेचं ‘एक ड्रिंक’ १४ ग्रॅमचं. त्यामुळे परदेशी बातमीतलं ‘रोज एक’ आपल्या पेगाला जसंच्या तसं लावता येत नाही.

आता तो प्रसिद्ध आलेख. न पिणाऱ्यांत मृत्यू थोडे जास्त, बेताने पिणाऱ्यांत कमी आणि भरपूर पिणाऱ्यांत पुन्हा चढते, म्हणजे रेघेला मधोमध खड्डा. पण न पिणाऱ्यांच्या रकान्यात कोण बसलंय? १९८८ साली शेपर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या मध्यमवयीन पुरुषांची माहिती तपासून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याच जागेवर बोट ठेवलं. यकृत बिघडलं, रक्तदाब चढला, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं, की तो माणूस पिणाऱ्यांतून उठून न पिणाऱ्यांत जाऊन बसतो. येताना आपला आजारही सोबत आणतो. मग त्याच्याशेजारी बेताने पिणारा ठणठणीत दिसणारच.

सोडलेल्यांना वगळून फक्त आयुष्यभर न प्यायलेले घेतले, तरी गुंता पुरता सुटत नाही. जिथे पिणं हीच रीत आहे, तिथे कधीच न पिणारा बरेचदा गरीब किंवा लहानपणापासून आजारी असू शकतो. आपल्याकडे रीतच वेगळी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या पुरुषांत पिणारे १८.८ टक्के आणि स्त्रियांत १.३ टक्के निघाले. इथला न पिणारा म्हणजे बहुसंख्य समाजच. लंडनचा आलेख उचलून लातूरला चिकटवणं मला तरी पटत नाही.

यातून वाट काढणारा सगळ्यात देखणा अभ्यास चीनमधला, चायना कडूरी बायोबँक या लोकांचे नमुने आणि आरोग्याची माहिती साठवणाऱ्या प्रकल्पाचा, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. माणसं पाच लाखांवर. पूर्व आशियात अनेकांच्या जनुकात असा एक फरक असतो की दारूपासून शरीरात तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य लवकर निपटत नाही. घोटभर घेतली तरी चेहरा लाल होतो, धडधडतं, मळमळतं. साहजिकच अशी माणसं कमी पितात. हे जनुक जन्माच्या सोडतीत मिळतं, ते पगार किंवा आजार बघून येत नाही. किती पिता असं विचारून आलेख काढला, तेव्हा पक्षाघातासाठी तोच ओळखीचा खड्डा दिसला. जनुकावरून गट पाडले तेव्हा खड्डा गायब, रेघ सरळ वर! आठवड्याला दर २८० ग्रॅममागे मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी आणि गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचा २७ टक्क्यांनी वाढलेला. खरी मेख पुढे आहे. तिथल्या बायका जवळजवळ पीतच नाहीत. तेच जनुक असूनही त्यांच्यात धोका हलला नाही. म्हणजे दोष जनुकाचा नव्हे, दारूचा.

मात्र हृदयविकाराच्या झटक्याबाबत त्याच अभ्यासात ना स्पष्ट फायदा दिसला ना स्पष्ट तोटा. तिथे छातीठोकपणे बोलू नये, कुठल्याच बाजूने.

मग सरळ चिठ्ठ्या टाकून प्रयोग का करत नाहीत? अमेरिकेत ठरला होता. सुमारे ७,८०० माणसं घ्यायची, निम्म्यांनी रोज एक ड्रिंक घ्यायचं, निम्म्यांनी काहीच नाही. बराचसा पैसा मद्यउद्योगाचा होता आणि सरकारी संशोधन संस्थेतल्या लोकांनीच तो मागितल्याचं उघड झाल्यावर २०१८ साली प्रयोग गुंडाळला. तो पूर्ण झाला असता तरी कॅन्सरचा निकाल लागला नसता, कारण कॅन्सर व्हायला दशकं लागतात.

आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये आलेखाला खड्डाच नाही. ब्रिटनमधल्या दहा लाखांवर स्त्रियांच्या पाहणीत, रोजच्या प्रत्येक जादा १० ग्रॅममागे ७५ वर्षांच्या वयापर्यंत हजारी सुमारे ११ स्तनाचे कॅन्सर वाढतात असा अंदाज निघाला. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या अहवालाने बेताने पिणाऱ्यांत एकूण मृत्यू कमी असल्याचं मध्यम खात्रीने म्हटलं, आणि त्याच अहवालात स्तनाचा कॅन्सर वाढत असल्याचंही लिहिलं. पेयाची तरफदारी करणारे त्यातलं पहिलं वाक्य तेवढं वाचून दाखवतात.