घेई छंद मकरंद : शब्द तेच, गळे दोन

(पडद्यावर: फिरती तबकडी. सुई टेकते, थोडी खरखर, मग संथ लयीत पदाची पहिली ओळ.)

‘घेई छंद मकरंद’. पहिल्या शब्दालाच ओळखलंत ना? पण तुमच्या मनात जी चाल वाजली, ती हीच होती का? की ती दुसरी, धावती, जिच्यावर मान आपसूक हलते ती?

(दुसरी तबकडी. तेच शब्द, जलद लयीत.)

शब्द तेच, नाटकही तेच. संगीतकारही तेच, पंडित जितेंद्र अभिषेकी. तरी ही दोन वेगळी गाणी आहेत. यातलं सरस कोणतं, यावर नाट्यसंगीताच्या रसिकांमध्ये वर्षानुवर्षं वाद रंगत आलाय. मी स्वतः बरीच वर्षं या जलद चालीच्या बाजूने होतो. आज तुम्हाला दुसरी बाजू ऐकवायची आहे.

(पडद्यावर: नाट्यगृहाचा रिकामा रंगमंच.)

२४ डिसेंबर १९६७. नाट्यसंपदेच्या ‘कट्यार काळजात घुसली’चा पहिला प्रयोग. शब्द पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, नाट्यसंस्था प्रभाकर पणशीकरांची. गोष्ट विश्रामपूर नावाच्या संस्थानातली. तिथल्या राजगायकाला मान मिळतो, राहायला हवेली मिळते आणि एक कट्यारही मिळते. पंडित भानुशंकरांकडून हा मान खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाल्यांकडे जातो. पंडितजी विश्रामपूर सोडतात. मागाहून सदाशिव नावाचा तरुण त्यांच्याकडे शिकायला म्हणून येतो, तर हवेलीत खाँसाहेब. मग तो ओळख लपवून तिथेच राहतो आणि चोरून खाँसाहेबांची गायकी कानात साठवत जातो.

म्हणजे दोन गायकांची तुलना या नाटकाच्या कथेतच आहे. प्रेक्षागृहातला प्रत्येक माणूस परीक्षक असतो. साहजिकच संगीतकाराची जबाबदारी मोठी. ‘हा वेगळ्या घराण्याचा’ असं कुणी संवादात सांगून भागत नाही, ते कानाला कळावं लागतं. अभिषेकींनी त्यासाठी एकच पद घेतलं आणि त्याला दोन राग दिले.

(पडद्यावर: तानपुऱ्याच्या तारांवरून फिरणारी बोटं.)

संथ चाल सालगवराळीतली. हा आडवाटेचा राग, तोडी रागाच्या वळणाने जाणारा. तोडीच्या वळणाचा म्हणजे कोमल रिषभ (रे) आणि कोमल गंधार (ग) आले. हे स्वर गायकाला पुढे पळू देत नाहीत, षड्जावर (सा) परतताना थांबायला लावतात. जलद चाल धानीतली. धानीत स्वर पाचच. षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. रिषभ नाहीच, धैवतही नाही. गंधारावरून निघालात की थेट षड्जावर उडी. पहिल्या चालीत ज्या रिषभावर गायक रेंगाळतो, तो स्वर दुसऱ्या चालीत औषधालाही नाही! स्वभावातला फरक इथूनच सुरू होतो. गळा त्याच्यानंतर येतो.

आता गळे ऐकू. धानीतलं पद वसंतराव देशपांडे यांचं, नाटकातले खाँसाहेबही तेच. ‘कट्यार’ आलं तेव्हा वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे होते. लहानपणी १९३५ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झालेला हा मुलगा पुढे लष्करी हिशेब खात्यात नोकरी करत गात राहिला. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकला, लाहोरला असद अली खाँसाहेबांकडून मारवा राग घेऊन आला आणि मास्टर दीनानाथांच्या गाण्यावर त्याचा जीव जडलेला. खाँसाहेबांच्या तोंडून जे आक्रमक, झपाट्याचं, अंदाज न लागणारं गाणं येतं, त्यामागे हा सगळा प्रवास आहे.

सालगवराळीतलं पद प्रसाद सावकारांचं. नाटकात ते सदाशिव. हा गोव्याचा, रंगभूमीच्या घरातच वाढलेला गायक. ‘कट्यार’च्या सात वर्षं आधी, १९६० साली ‘पंडितराज जगन्नाथ’मधल्या ‘जय गंगे भागीरथी’ने त्यांचा आवाज सगळीकडे पोचला होता. तो आवाज मोकळा आहे, स्वच्छ आहे आणि शब्द न चुरगळता पुढ्यात ठेवणारा आहे.

(दोन्ही तबकड्यांतल्या पहिल्या ओळी, पाठोपाठ.)

एकाच गोष्टीकडे कान द्या. अनुस्वाराकडे. दारव्हेकरांनी या पदात अनुस्वारांची नुसती रांग लावलीय. छंद, मकरंद, मिलिंद, स्वच्छंद, धुंद. मोठ्याने म्हणून बघा, नाकात गुणगुण सुरू होते. मिलिंद म्हणजे भुंगा, आणि त्याचा आवाज शब्दांतच भरलेला आहे. संथ लयीत हा अनुस्वार लांबतो. ‘मकरं...’ वर आवाज नाकाच्या पोकळीत घुमतो आणि ‘द’ अगदी हलकेच मिटतो. जलद लयीत घुमायला उसंत नाही. तिथे अनुस्वार म्हणजे धनुष्याची ओढ होते आणि ‘द’ बाणासारखा सुटतो. भुंगा तोच. पहिल्या गाण्यात तो फुलाच्या आत बसलाय, दुसऱ्यात फुलाभोवती घिरट्या घालतोय.

आणि पदाचा अर्थ काय आहे? कमळ मिटतं, भुंगा आत कोंडला जातो, तरी त्याचा ध्यास सुटत नाही. हा भुंगा मराठीला फार जुना. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहाबद्दल सांगताना माउली याच भुंग्याचा दाखला देतात. कोरडं लाकूड पोखरून पार होणारा हा जीव कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. शक्ती आहे, पण ती वापरवत नाही.

इथे माझं मत बदललं. वसंतरावांच्या गाण्यात ही शक्ती पुरेपूर आहे. ते लाकूड पोखरणारं गाणं आहे. ऐकताना छाती भरून येते आणि नाटकात खाँसाहेबांनी असंच गायला हवं, त्यात शंका नाही. पण ‘आत कोंडलाय आणि तरी सुखात आहे’ हे मला सावकारांच्या गाण्यातच ऐकू येतं. कोमल रिषभावर ते जो क्षणभर थांबतात ना, ती मिटलेली पाकळी आहे. सदाशिवचीही अवस्था तीच. त्याला हवेली सोडून जाता आलं असतं. तो गेला नाही. गाण्यासाठी कोंडून घेतलं.

(पडद्यावर: जुन्या तबकडीचं जवळून दृश्य, खाचांवर सरकणारा उजेड.)

वसंतरावांना ‘कट्यार’ने जी अफाट लोकप्रियता दिली, तिच्या झोतात सावकारांची तबकडी थोडी अंधारात राहिली. ‘तेजोनिधी लोहगोल’, ‘सुरत पिया की’, ‘या भवनातील गीत पुराणे’, एकापाठोपाठ एक वसंतरावांचीच पदं गाजली. त्यात अन्याय काही नाही, ती गाणी तशीच आहेत. पण सलग ऐकताना आपला कान वेगाला सरावतो आणि संथ गाणं आलं की आपण ते पुढे ढकलतो. मीही ढकलत होतो.

पुढे २०१० मध्ये ‘कट्यार’ पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा एक विलक्षण योग जुळला. खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि सदाशिव झाले अभिषेकींचे शिष्य महेश काळे. एकाकडे घरातून आलेलं गाणं, दुसऱ्याकडे गुरूकडून आलेलं. २०१५ च्या चित्रपटातही हेच दोन आवाज आहेत, पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन स्वतः गातात, आणि त्यातल्याच ‘अरुणी किरणी’साठी काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाचं ध्वनिमुद्रण भरजरी आहे, आवाजाभोवती वाद्यांची मोठी गर्दी आहे. कोवळ्या पिढीला ‘कट्यार’ त्यानेच कळली, याचा मला मनापासून आनंद आहे. अनुस्वाराचं घुमणं ऐकायचं, तर मात्र मी जुन्या तबकडीकडेच जातो. तिथे साथ मोजकी आहे. गायकाचा श्वास ऐकू येतो.

ज्यांनी ही संथ चाल अर्ध्यावर सोडली असेल, त्यांनी एकदा खोलीतला पंखा बंद करून ती ऐकावी. शेवटच्या ‘धुंद’पर्यंत.

(सुई पुन्हा पहिल्या तबकडीवर. खरखर. सालगवराळी. पडदा हळूहळू काळा होतो, गाणं चालू राहतं.)