चिठ्ठ्या खिशातच राहिल्या

(नागपुरात विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासमंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, सत्कार लवकर आटोपला हे बरं झालं. शाल नको म्हणून निरोप पाठवला होता, तरी नारळ आलाच. असो.

विद्यापीठात धर्मांवर व्याख्यानमाला सुरू करायची आहे, ती कशी करावी, असं तुम्ही मला विचारलंत. माझी पात्रता एवढीच, की अशी एक परिषद मी स्वतःच्या हातानं बिघडवलेली आहे. पंचवीसेक वर्षं झाली. एका महाविद्यालयात दोन दिवसांचा कार्यक्रम, विषय धर्म आणि समाज, सूत्रसंचालन माझ्याकडे. मंचावर अकरा खुर्च्या. समईची वात विझते म्हणून पंखे बंद केले, ते चालू करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. महिना मार्चचा, आणि नागपूरचा मार्च काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. प्रास्ताविक, परिचय, स्वागत, शुभेच्छा-संदेशांचं वाचन. मुख्य वक्ते उभे राहिले तेव्हा साडेबारा वाजले होते.

प्रश्नांसाठी चिठ्ठ्या मागवल्या होत्या. कुणी वहीचं पान फाडलं होतं, कुणी बसच्या तिकिटामागे लिहिलं होतं. मी त्या गोळा केल्या, घड्याळ पाहिलं, ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत, क्षमस्व’ म्हटलं आणि कुर्त्याच्या खिशात टाकल्या. रात्री कुर्ता धुवायला टाकताना बायकोनं त्या काढून टेबलावर ठेवल्या. चौदा होत्या. तीन-चारांत नुसतं कौतुक. एकीवर निळ्या शाईत होतं: ‘सर, बुद्धावर एवढं बोलले, पण आमच्या वस्तीतल्या विहारात कधी आले काय?’ दुसरीवर: ‘दर गुरुवारी ताजबागच्या दर्ग्याला जाणारा हिंदू कोणत्या खान्यात टाकायचा?’ दोन दिवसांत वाचलेल्या सगळ्या निबंधांत या दोन ओळींच्या तोडीचं काही नव्हतं. आणि त्या माझ्या खिशात होत्या.

तेव्हापासून मी या गोष्टीकडे त्या चिठ्ठ्यांच्या बाजूनं बघतो. कीर्तनात आपण बुवांना मध्येच अडवत नाही, मशिदीत खुतबा, म्हणजे प्रवचन, चालू असताना कुणी हात वर करत नाही. तिथं ते शोभणारही नाही. श्रद्धेची जागा ती, तिची रीत वेगळी. विद्यापीठाच्या सभागृहात मात्र बोलणाऱ्याला अडवता आलं पाहिजे, आणि अडवणारा त्या धर्माचा नसला तरी चाललं पाहिजे.

ही कल्पना एका न्यायाधीशानं मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. स्कॉटलंडचे लॉर्ड गिफर्ड. १८८७ मध्ये ते वारले आणि एडिंबरा, ग्लासगो, अॅबर्डीन, सेंट अँड्र्यूज या चार विद्यापीठांना ८० हजार पौंड ठेवून गेले. व्याख्यानं ईश्वरविषयक ज्ञानावर व्हावीत, पण खगोलशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकवावं तशी. चमत्काराचा किंवा साक्षात्काराचा आधार घ्यायचा नाही. वक्त्याला धर्माची कसलीही शपथ नको. तो कोणत्याही पंथाचा असो, कोणत्याच पंथाचा नसो. आणि व्याख्यानं नुसत्या विद्यार्थ्यांसाठी नकोत, गावातल्या लोकांनाही खुली असावीत. १८८८ पासून ही व्याख्यानं सुरू आहेत. ग्लासगोला पहिला मान वेदांचे जर्मन अभ्यासक मॅक्समुल्लर यांना मिळाला. त्याच्या दहा वर्षं आधी लंडनमध्ये हिबर्ट व्याख्यानांत ते भारतातल्या धर्मांवर बोलले, तेव्हा जागेसाठी इतके अर्ज आले की प्रत्येक व्याख्यान त्यांना दोनदा द्यावं लागलं. वेदांवरच्या भाषणाला लंडनमध्ये जागा पुरेना! आपल्याकडे पहिल्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखीव असतात आणि शेवटपर्यंत रिकाम्या राहतात.

शिकागो सगळ्यांना ठाऊक आहे. १८९३, विवेकानंद, टाळ्या. मुंबईहून बी. बी. नगरकरही तिथं गेले होते, ते मात्र कुणाला आठवत नाहीत. मला शिकागोपेक्षा पॅरिस महत्त्वाचं वाटतं. १९०० मध्ये तिथं धर्मेतिहासाची परिषद भरली. शिकागोत प्रत्येकानं आपापल्या धर्माची बाजू मांडली होती. पॅरिसमध्ये ठरवूनच तसं नव्हतं, तिथं काम इतिहासाचं आणि पुराव्याचं. विवेकानंद तिथंही होते. गुस्ताव ओपर्ट या जर्मन पंडितानं शिवलिंगाचा आणि शाळिग्रामाचा संबंध लैंगिक पूजेशी जोडला. विवेकानंद भावना दुखावल्या म्हणून उठून गेले नाहीत. अथर्ववेदातल्या यूपस्तंभाच्या, म्हणजे यज्ञातल्या खांबाच्या, सूक्ताचा दाखला देऊन त्यांनी खंडन केलं. त्यांचं म्हणणं आज सगळे अभ्यासक मानतील असं नाही, पण आक्षेपाला त्यांनी आधार काढून दाखवला. तुमच्या मालेत मला हे व्हायला हवंय.

मराठी माणसाचं उदाहरण हवं तर विठ्ठल रामजी शिंदे घ्या. १९०१ ते १९०३ ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्म शिकले, परतण्याआधी अॅमस्टरडॅमच्या उदार धर्मपरिषदेत निबंध वाचला. इतर कुणी त्या शिदोरीवर जन्मभर अध्यक्षपदं भूषवली असती. त्यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यवर्गासाठी मिशन काढलं.

आता वक्ता निवडण्याचं. इथं आपली चूक ठरलेली असते: बौद्धांवर बौद्ध बोलणार, इस्लामवर मौलवी, वारकऱ्यांवर महाराज, आणि ऐकायला ज्याची त्याची माणसं. दीक्षाभूमी, संघाची रेशीमबाग आणि ताजबाग एका ऑटोत, एका दुपारी पाहून होतात. पण या तिन्ही ठिकाणचे श्रोते एका रांगेत शेजारी बसलेले मी फारसे पाहिलेले नाहीत. ती रांग लावणं विद्यापीठाला जमू शकतं. कुणी कायद्याची भीती घालेल. राज्यघटनेच्या २८व्या कलमानं पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षणाला मनाई केली आहे, खरं आहे. पण धर्माचं शिक्षण देणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं, हा फरक शिक्षणावरच्या कोठारी आयोगानं केला आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मानला. प्राचार्य घाबरले तर हे दाखवा.

वक्त्याचं भाषण आधी मागवून त्यात काटछाट मात्र करू नका. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण वाचून काही भाग गाळायला सांगितला. ते स्वल्पविरामही बदलायला तयार नव्हते. परिषद रद्द झाली, भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चानं छापलं. आज ते सगळे वाचतात. परिषद आठवते ती त्या भाषणामुळेच.

आणि हेच बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ ला इथं लाखोंना दीक्षा देतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी काय करतात? लोक विचारत होते, नागपूरच का निवडलं? कुणी म्हणत होतं, संघाला डिवचायला. १५ तारखेच्या भाषणात त्यांनी हा प्रश्न घेतला, ते कारण नाही असं स्पष्ट सांगितलं आणि बौद्ध धर्म पसरवणाऱ्या इथल्या नाग लोकांचा इतिहास मांडला. तब्येत खालावलेली होती. तरी उत्तर बाकी ठेवलं नाही.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते तुकडोजी महाराज फारसे शाळेत गेलेले नव्हते, आणि १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेत खंजिरी घेऊन उभे राहिले. त्यांच्यावर कधीतरी वेगळं बोलू. आता सव्वासात झालेत, पाऊण तास शिल्लक आहे आणि तो माझा नाही. माईक मागच्या रांगेकडे द्या. चिठ्ठी लिहायची असेल तर लिहा, पण माझ्याकडे देऊ नका. त्या निळ्या ओढणीवाल्या ताईंकडे द्या, त्या मोठ्यानं वाचतील.