पगार किती आणि हातात किती

इंदूरच्या रामबाग भागात मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

सरकारी रुग्णालयांत वॉर्डबॉय, आया, ड्रेसर, ओटी अटेंडंट, स्ट्रेचर ओढणारे, प्रयोगशाळेत नमुने पोचवणारे असे जे कनिष्ठ कर्मचारी काम करतात, त्यांच्यातल्या नियमित, संविदा (म्हणजे करारावर नेमलेले) आणि आउटसोर्स (म्हणजे एजन्सीमार्फत आलेले) अशा तिघांच्या हातात एकाच कामाचे तीन वेगळे पगार का पडतात, हे आज समजावून सांगण्याचे मी पत्रिकेत कबूल केले आहे. ते मी सांगणारच आहे. परंतु त्याआधी एका पगारपावतीबद्दल बोलल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही, कारण तिच्यात जे घडले ते या शहरातल्या कितीतरी घरांत दर महिन्याला घडत असावे अशी माझी खात्री होत चालली आहे.

प्रथम एक विनंती करतो. मागच्या महिन्याची आपली पगारपावती ज्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली असेल त्यांनी हात वर करावा. हात थोडेच दिसतात, आणि त्यांतले दोन तर लेखा विभागातून निवृत्त झालेल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांचे आहेत, ते मला धरता येणार नाहीत! बाकीच्यांनी संकोच करू नये. पावती वाचायला आपल्याला कोणी शिकवलेले नाही, आणि पुष्कळांना तर ती दिलीही जात नाही.

आता त्या पावतीकडे येतो. आमच्या ओळखीतली एक मुलगी शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात एजन्सीमार्फत आया म्हणून लागली. रुग्णालयाचे आणि एजन्सीचे नाव मी घेणार नाही. लागताना तिला सांगितले गेले की पगार कलेक्टर रेटने, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराने, ११,८०० रुपये मिळेल. हा आकडा मनचा नव्हता. १ एप्रिल २०२४ पासून मध्य प्रदेशात अकुशल कामगाराचे किमान वेतन तेवढेच ठरले होते. पुढे प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात गेले, दरांना स्थगिती मिळाली, नंतर ती उठली, आणि त्यानंतर महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दर आणखी सरकले. हिशेब सोपा जावा म्हणून मी आज ११,८०० हाच आकडा धरणार आहे. महिनाअखेर तिच्या खात्यात ८,३७७ रुपये आले. ती पावती घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, सरकार एवढं कापतं का हो?"

मंडळी, हा प्रश्न मला फार लागला. पैसे कमी आल्याचे दुःख तर तिला होतेच. पण कापणारा कोण आहे याचाच तिला पत्ता नव्हता, आणि ज्याने कापले त्याने ते सरकारच्या नावावर खपवले होते.

कायद्याने काय कापायला हवे ते आधी पाहू. कर्मचाऱ्याचा भविष्य निर्वाह निधी, ज्याला आपण सगळे पीएफ म्हणतो, तो १२ टक्के, म्हणजे १,४१६ रुपये. कर्मचारी राज्य विम्याचा, म्हणजे ईएसआयचा कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के, जुलै २०१९ च्या आधी तो १.७५ टक्के होता. तो येतो ८९ रुपये. आयकराचा प्रश्नच उद्भवत नाही. व्यवसाय करही नाही, कारण आपल्या राज्यात वर्षाला २,२५,००० रुपयांपर्यंत तो शून्य आहे. तेव्हा हातात पडायला हवे होते १०,२९५. मग मधले १,९१८ रुपये गेले कुठे? ते पावतीतच होते. पीएफ या शीर्षकासमोर १,४१६ ऐवजी २,९५० लिहिले होते आणि ईएसआयसमोर ८९ ऐवजी ४७३. मालकाने, येथे एजन्सीने, स्वतःच्या खिशातून भरायचा वाटा, म्हणजे पीएफचा १२ टक्के, त्यावरचा ठेवसंलग्न विमा (पीएफशी जोडलेला आयुर्विमा) आणि प्रशासकीय खर्च मिळून १ टक्का, आणि ईएसआयचा ३.२५ टक्के, हे सगळे तिच्याच पगारातून वसूल केले होते. मालकाचा वाटा कामगाराच्या मजुरीतून कापू नये, हे भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ सालच्या योजनेत लिहिलेले आहे आणि ईएसआयच्या कायद्यातही १९४८ पासून आहे. म्हणजे ही बंदी तिच्या आजीच्या काळापासूनची आहे, आणि ती मोडली गेल्याचे सांगणारे तिच्या भोवती कोणीही नव्हते.

माझा आग्रह जो आहे तो येथे सांगून टाकतो. कपातीवर राग धरू नये. कपात गेली कुठे ते पाहावे. जो पैसा नियमाने कापला जाऊन आपल्या नावावर जमा होतो, तो पगारच आहे. आमच्या घरांतून मुलांना सांगितले जाते की "पीएफ नको म्हणावं, हातात जास्त येतात." हा सल्ला प्रेमाने दिला जातो, तरी तो घातक आहे. त्या १,४१६ रुपयांबरोबर मालकाचे आणखी १,४१६ येतात, आणि नोकरीत असताना मृत्यू आला तर घरच्यांना ठेवसंलग्न विम्यातून कमाल ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. रात्रपाळीत संसर्गाच्या वॉर्डात उभे राहणाऱ्या माणसाने हे सोडून देऊ नये.

पीएफचे पासबुक उघडल्यावर आणखी एक गोंधळ होतो. मालकाच्या रकान्यात १,४१६ दिसत नाहीत, ४३३ दिसतात, आणि मुले समजतात की पैसे खाल्ले गेले. तसे नसते. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. आपल्या उदाहरणात ते ९८३ रुपये होतात आणि तिसऱ्या रकान्यात दिसतात. ४३३ आणि ९८३ मिळवा, १,४१६ भरतात. खरी शंका घ्यायची वेळ तेव्हा येते, जेव्हा पुढल्या महिन्याची १५ तारीख उलटून बरेच दिवस गेले तरी त्या महिन्याची ओळच पासबुकात उमटत नाही. त्या मुलीच्या पासबुकात सलग काही महिन्यांच्या ओळी नव्हत्या. म्हणजे तिचा वाटा कापला, मालकाचाही तिच्याकडूनच कापला, आणि दोन्ही भरले नाहीत.

ईएसआयचे याहून वाईट होते. आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळायचा तर आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचा वाटा भरलेला असावा लागतो. ही मुलगी कावीळ होऊन पडली तेव्हा नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयात गेली, आणि तेथे तिला कळले की तिचा विमा क्रमांक आहे पण वाटा जमा नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या रुग्णशय्येची चादर बदलणाऱ्या मुलीला स्वतःच्या आजारपणात बिनपगारी राहावे लागले. हे सांगताना आजही माझा आवाज चढतो, त्याबद्दल आपण क्षमा करावी.

येथे आपल्या मराठी घरांपुरती एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपली नावे लिहिण्याची रीत स्वतःचे, वडिलांचे आणि मग आडनाव अशी आहे. इंदुरात मात्र शाळेच्या दाखल्यावर बहुधा मधले नाव गळते, आधार कार्डावर ते परत येते, बँकेत आडनावाचे स्पेलिंग निराळे पडते, आणि लग्न झालेल्या मुलीचे तर नाव, मधले नाव आणि आडनाव अशी तिन्ही बदलू शकतात. पीएफच्या नोंदीतले नाव आधारशी जुळले नाही की दावा अडकतो. माझ्याकडे येणाऱ्या अडलेल्या दाव्यांत चोरीच्या खालोखाल हेच कारण निघते. रुजू होण्याच्या दिवशीच आधारवर जसे नाव आहे तसेच, अक्षर न अक्षर, सगळीकडे लिहवून घ्यावे. आणि युएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक, एकच ठेवावा. टेंडर बदलले की एजन्सी बदलते, जागा तीच, वॉर्ड तोच, सिस्टरही त्याच; पण नवी एजन्सी नवा युएएन काढून मोकळी होते, जुने पैसे मागे राहतात, आणि पेन्शनसाठी लागणारी १० वर्षांची सेवा तुकड्यातुकड्यांत विखुरते.

दिवसांच्या हिशेबाचाही मुद्दा आहे. ११,८०० हा महिन्याचा दर आहे आणि साप्ताहिक सुटी त्यात धरलेली आहे. म्हणूनच रोजचा दर काढताना २६ ने भागतात आणि तो सुमारे ४५४ रुपये येतो. काही ठिकाणी मात्र ३० ने भागून, हजेरीपटावरचे फक्त २६ दिवस धरून पगार काढला जातो. तो होतो १०,२२७. कामगाराने एकही खाडा केलेला नसताना १,५७३ रुपये गेले, आणि तेही पीएफ कापायच्या आधीच, त्यामुळे पावतीच्या कपातीच्या बाजूला ते दिसतच नाहीत. पावती वाचताना डावीकडचे भरलेले दिवस आधी पाहावेत, असे मी म्हणतो ते यासाठी.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट केले आहे, आणि मी जे कबूल केले त्यातले जवळजवळ सगळे शिल्लक आहे. तेव्हा घाईने सांगतो.

नियमित कर्मचारी. राज्याच्या सातव्या वेतनमानात पहिल्या स्तराचे मूळ वेतन १५,५०० रुपये. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर ८,५२५, एकूण २४,०२५. घरभाडे भत्ता आणि समूह विमा बाजूला ठेवू. १ जानेवारी २००५ नंतर रुजू झालेल्याचे नव्या पेन्शनचे १० टक्के, म्हणजे २,४०३, आणि व्यवसाय कर १२५ वजा जाता हातात साधारण २१,४९७ पडतात. मात्र राज्याने २०१९ च्या अखेरीस अशी पद्धत आणली की नव्याने भरती झालेल्यांना परिवीक्षेच्या, म्हणजे उमेदवारीच्या, तीन वर्षांत त्या पदाच्या वेतनमानातल्या किमान वेतनाच्या ७०, ८० आणि ९० टक्के मिळावेत. त्या नियमाखाली रुजू झालेल्यांनी आपले नियुक्तिपत्र काढून आपली टक्केवारी आणि तिच्या तारखा तपासाव्यात, कारण टप्पा वेळेवर वाढला की नाही हे सहसा कोणी आपणहून पाहत नाही.

संविदा कर्मचारी. २०१८ च्या धोरणात नियमित पदाच्या किमान वेतनाच्या ९० टक्के आणि २०२३ च्या धोरणात १०० टक्के मिळावे असे ठरले. येथे पाहायचे ते हे की पीएफ पूर्ण पगारावर कापला जातो की १५,००० च्या मर्यादेवर. मर्यादेवर असेल तर कपात १,८०० ला थांबते आणि हातात जास्त येते, पण म्हातारपणासाठी कमी साठते. काही ठिकाणी मानधनाला व्यावसायिक शुल्क समजून १० टक्के कर कापतात. एवढ्या उत्पन्नावर कर लागत नसल्यामुळे विवरणपत्र भरले की तो परत मिळतो. विवरणपत्र भरा, सोडून देऊ नका.

आउटसोर्स कर्मचाऱ्याचे १०,२९५ आपण पाहिलेच. त्याच खाटेशी, त्याच पाळीत उभ्या असलेल्या दोघांत ११,००० रुपयांहून अधिक अंतर पडते. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात सांगितले. परंतु एजन्सी मध्ये आली की कर्मचारी आमचा नव्हेच असे म्हणायला रुग्णालयाला वाट मिळते. तरीही एक दोर रुग्णालयाच्या गळ्यात राहतोच. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मुख्य मालकाने, म्हणजे येथे रुग्णालयाने, द्यावी, हे १९७० च्या ठेका कामगार कायद्यापासूनचे तत्त्व आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत तर मासिक पगार पुढल्या महिन्याच्या सात दिवसांच्या आत देणे आणि पगारपावती देणे ही मालकाची जबाबदारी आहे.

तेव्हा माझी मागणी. रोगी कल्याण समिती ही कल्पना नव्वदच्या दशकात आपल्याच महाराजा यशवंतराव रुग्णालयात आकाराला आली आणि मग देशभर गेली. रुग्णालयाचा पैसा रुग्णालयातच, लोकांच्या नजरेसमोर खर्च व्हावा हा तिचा हेतू होता. तोच हेतू पगारालाही लावावा. प्रत्येक सरकारी रुग्णालयाने फलकावर दर महिन्याला तीन आकडे लिहावेत: एका कर्मचाऱ्यापोटी एजन्सीला किती दिले, त्याचा एकूण पगार किती ठरला, आणि त्याच्या खात्यात किती गेले. एजन्सीचे सेवाशुल्क टेंडरमध्ये वेगळे दाखवावे, म्हणजे ते मजुरीतून काढावे लागणार नाही. आणि मागील महिन्याचे पीएफ व ईएसआयचे चलन नावनिशीवार यादीसह जोडल्याशिवाय पुढचे बिल मंजूर करू नये. बिलाला कागद जोडलेला नसेल तर ते परत पाठवण्याचा अधिकार लेखा शाखेच्या कारकुनालाही असतो. मी आयुष्यभर त्याच टेबलावर बसलो आहे आणि हे काम एका दुपारचे आहे हे मला ठाऊक आहे.

घंटा झाली. ज्यांनी पगारपावती किंवा पासबुकाची प्रत बरोबर आणली आहे, त्यांनी कार्यक्रमानंतर दाराजवळच्या टेबलाशी यावे. माझे ते दोन सहकारी आणि मी तिथे बसलेले आहोत. ज्यांना पावतीच मिळत नाही त्यांनी बँकेच्या खात्यातली नोंद आणि नियुक्तिपत्र आणले तरी चालेल, आणि ज्यांच्याकडे नियुक्तिपत्रही नाही त्यांनी सगळ्यांत आधी यावे.