२५ जून : एक तारीख, चार सामने

नमस्कार. २५ जून म्हटले की लॉर्ड्सच्या सज्जात विश्वचषक हाती घेतलेला कपिल देव आपल्याला आठवतो. मात्र त्याच मैदानावर, त्याच तारखेला, ५१ वर्षे आधी भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला होता, आणि माझ्या मते या तारखेची गोष्ट तिथूनच सांगायला हवी.

१९३२ साली सी. के. नायडूंच्या संघासमोर सलामीला आले ते पर्सी होम्स आणि हर्बर्ट सटक्लिफ. याच जोडीने जेमतेम दहा दिवसांपूर्वी यॉर्कशायरसाठी ५५५ धावांची भागीदारी रचली होती. मोहम्मद निसारने दोघांचाही त्रिफळा उडवला, पाठोपाठ फ्रँक वूली धावबाद झाला आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ अशी झाली. भारत तो सामना १५८ धावांनी हरला. तरीही नवख्या संघाची ती पहिली सकाळ मला विजयाइतकीच मोलाची वाटते.

१९८३ मध्येही त्या दिवशी शनिवारच होता. भारताचा डाव १८३ धावांत आटोपला, तेव्हा आधीचे दोन्ही विश्वचषक जिंकलेल्या वेस्ट इंडिजला हे आव्हान किरकोळ वाटावे अशीच परिस्थिती होती. व्हिव्ह रिचर्ड्सने २८ चेंडूंत ३३ धावा केल्या होत्या. मदनलालच्या चेंडूवर त्याने मिडविकेटच्या दिशेने उंच फटका मारला आणि पाठमोरे धावत जाऊन कपिलने तो झेल टिपला. पुढे १२ धावांत ३ बळी घेणाऱ्या मोहिंदर अमरनाथनेच शेवटचा गडी बाद केला व भारत ४३ धावांनी जिंकला.

फुटबॉलमध्ये हीच तारीख नेदरलँड्सची आहे. १९७८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, ब्युनोस आयर्समध्ये १-१ अशी बरोबरी असताना, नियमित वेळेच्या अगदी शेवटी रॉब रेन्सेनब्रिंकचा फटका गोलखांबावर आदळला. जादा वेळेत अर्जेंटिनाने ३-१ असा विजय मिळवला. दहा वर्षांनी युरो स्पर्धेची अंतिम लढत म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये झाली. १९७४ चा विश्वचषक डच संघाने याच मैदानावर गमावला होता आणि त्या वेळचे प्रशिक्षक रिनस मिचेल्स आता पुन्हा संघासोबत होते. रूड गुलिटने हेडरद्वारे पहिला गोल केला. मग आर्नोल्ड म्यूरेनचा डावीकडून आलेला उंच चेंडू जमिनीवर पडू न देता मार्को व्हॅन बास्टनने अतिशय अवघड कोनातून थेट सोव्हिएत संघाच्या जाळ्यात धाडला.