मानसशास्त्राची पदवी आणि पाच लाखांचं कर्ज

तासगाव तालुक्यातलं हे द्राक्षबागायतदाराचं घर. सोप्यातल्या टेबलावर दोन कागद आहेत. एकावर पुण्यातल्या खासगी विद्यापीठाची एम.ए. मानसशास्त्राची फी, दोन वर्षांचं राहणं-खाणं धरून पाच लाख. दुसरा कागद बँकेचा.

"आप्पा, तारण लागत नाही," थोरली सांगते. खरं आहे. सरकारी पतहमी योजनेत बसणाऱ्या साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला जमीन गहाण टाकावी लागत नाही. पण सहकर्जदार म्हणून सही आप्पांचीच. हप्ता थकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बापलेकींची दोघांचीही बिघडते.

आता हिशेब मांडू. व्याज दहा टक्के धरू. अडीच लाख पहिल्या वर्षी उचलले, अडीच दुसऱ्या. कोर्सची दोन वर्षं आणि पुढं एक वर्ष, एवढा काळ हप्ता नाही. बँक याला मोरेटोरियम म्हणते. घरोघरी त्याचा अर्थ 'तीन वर्षं निवांत' असा लावला जातो आणि तिथंच माणूस फसतो. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. सरळव्याजानं सव्वा लाख साठतात, मुद्दलात मिळतात, आणि फेड सुरू होते ती सव्वासहा लाखांची. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण ८,२६० रुपये. पंधरा वर्षांची घेतली तर ६,७२०, पण मग एकूण भरणा बारा लाखांच्या वर जातो.

समोर पगार किती? नुकतीच एम.ए. झालेली मुलगी शाळेत किंवा एखाद्या संस्थेत समुपदेशक म्हणून लागली, तर अठरा हजार धरू. हप्ता गेला की उरतात पावणेदहा. त्यात पुण्यात खोली, मेस, बस.

कर्जावरच्या व्याजाला आयकरात सूट मिळते, हे एजंट आवर्जून सांगतो. ती आठ वर्षांपर्यंत, तेही जुन्या करप्रणालीत. पण अठरा हजारांच्या पगाराला कर लागतच नाही, आणि आप्पांचं उत्पन्न शेतीचं, तेही करमुक्त. या घराला त्या सवलतीचा एक रुपयाही उपयोग नाही.

खरी अडचण याच्याही पुढची आहे. एम.ए. झालं म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारं माणूस झालं, असं नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. ती परिषदेनं मान्यता दिलेल्या क्लिनिकल प्रशिक्षणानंतरच मिळते, आणि तिथं जागा मोजक्याच. साधं एम.ए. करून पुढं प्रवेश परीक्षेची तयारी करायची, एखादं वर्ष हुकलं तर पुन्हा बसायचं. तेवढ्यात बँकेचं एक वर्ष संपलेलं असतं. कमाईची दारं उघडायच्या आधी हप्ता दारात येतो. कर्जाचा विचार करताना पुढचे वीस वर्षांचे पगार बघू नका, ही मधली तीन-चार वर्षं बघा.

पूर्वी एक स्वस्त वाट होती. गावातच नोकरी करायची आणि दूरस्थ पद्धतीनं एम.ए. करायचं. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. समोर पेशंट बसवून शिकायचा विषय आहे, त्यामुळे निर्णयामागचं कारण पटतं. पण त्याचा भार पडला तो अशाच घरांवर. याच भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका'ची सवय लावली. त्या सवयीला इथं आता जागा उरलेली नाही, याचं वाईट वाटतं.

"बाग लावली की मांडव, तारा, रोपं, सगळा खर्च आधी," आप्पा म्हणतात. "पीक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. थांबायचं आम्हाला ठाऊक आहे. पण लावताना वाण कोणता, हे तर बघतोच की."

म्हणून वाण बघणं चाललंय. ज्या कोर्सला कर्ज काढायचं त्याला आरसीआयची मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः तपासायचं. माहितीपत्रकातल्या 'क्लिनिकल' या शब्दावर जायचं नाही. साधं एम.ए. करायचं असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात, घरातून जाऊन-येऊन, कर्जाशिवाय जमतंय का बघायचं. आणि कर्ज काढलंच तर शिकताना आणि पुढच्या मोरेटोरियमच्या वर्षीही व्याज भरत राहायचं. पहिल्या वर्षी महिन्याला दोन हजारांच्या आसपास, नंतर चार हजारांच्या. बेदाण्याच्या पैशातून तेवढं निघतं. मग मुद्दल पाच लाखच राहतं आणि दहा वर्षांचा हप्ता ६,६०० वर येतो.

मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने आहेत. तिथं हाडाचा डॉक्टर लगेच सापडतो. मन मोकळं करायला शिकलेलं माणूस शोधत फिरावं लागतं. थोरलीला तेच व्हायचंय, आणि तिनं व्हावं असं मनापासून वाटतं.

सोमवारी दोघं बँकेत जाणार आहेत. आप्पांनी वहीत प्रश्न लिहून घेतलाय: एम.ए.नंतर लगेच क्लिनिकल कोर्सला प्रवेश मिळाला तर मोरेटोरियम वाढतो का, आणि वाढत असेल तर तसं लेखी देता का?